एका सिलिंडरात दोन लिटर

किर्लोस्करचं टीव्ही-१ इंजिन महाराष्ट्रातल्या बहुतेक मेकॅनिकल कॉलेजांच्या लॅबमध्ये असतं. एक सिलिंडर, ६६१ सीसी, मिनिटाला १५०० फेरे, सात हॉर्सपॉवर, पाण्याने थंड होणारं. त्याची भावंडं विहिरीवर पाणी ओढतात, गिरण्या चालवतात, मंडपवाल्यांच्या जनरेटरला जोडलेली असतात. आमच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्कर या नावाला वेगळा जिव्हाळा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळावर वसवलेली किर्लोस्करवाडी आमच्याच जिल्ह्यातली. ऑइल इंजिनांची कंपनी मात्र १९४६ साली पुण्याला निघाली. मी याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मेकॅनिकल शिकवते. नोकरी सांभाळून पीएचडी करायची ठरवली, तेव्हा लॅबमधलं हेच इंजिन घेतलं आणि विषय घेतला तो डिझेलच्या जोडीला हायड्रोजन देण्याचा.

डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. आत आलेली हवा साडेसतरा पट दाबली जाते, ती तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. डिझेलला त्यासाठी २१० ते २५० अंश पुरतात. हायड्रोजनला आपोआप पेटायला ५८५ अंशांच्या आसपास तापमान लागतं, त्यामुळे नुसता हायड्रोजन देऊन हे इंजिन भरवशाने चालत नाही. पण एकदा कुठून तरी ज्योत मिळाली, की त्याच्यासारखं झपाट्याने जळणारं दुसरं इंधन नाही. म्हणून ही जोडी. हवेबरोबर हायड्रोजन आत घ्यायचा, डिझेलचा फवारा नेहमीसारखा मारायचा, आधी डिझेल पेटेल आणि ते हायड्रोजनला पेटवेल. कल्पना नवी नाही. रुडॉल्फ एरेन नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९२०-३०च्या दशकांत हायड्रोजनवर इंजिनं चालवून दाखवली होती. आपल्याकडे आयआयटी दिल्लीत प्रा. एल. एम. दास यांनी कित्येक वर्षं हायड्रोजन इंजिनांवर काम केलं. २०१२ साली महिंद्रा आणि आयआयटी दिल्लीने मिळून बनवलेल्या हायड्रोजनच्या तीनचाकी रिक्षा दिल्लीच्या प्रगती मैदानात धावल्या. तिथे वापरलं होतं ते प्लगचं इंजिन. मला डिझेल इंजिन हवं होतं, कारण आमच्या भागात शेतापासून हायवेपर्यंत सगळं ओझं डिझेलच उचलतं.

काम सुरू होण्याआधी बराच काळ परवानग्या आणि बांधकामात गेला. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका. गळला तर वर जातो आणि वर छत बंद असेल तर तिथे साठतो. हवेत चार टक्के झाला की पेटू शकतो, ते पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत. पेट्रोलच्या वाफेची ही मर्यादा साधारण दीड ते साडेसात टक्के, यावरून हायड्रोजनचा पल्ला लक्षात यावा. पेटायला ठिणगीही अगदी बारीक पुरते, नायलॉनच्या कपड्याच्या घर्षणातली चालते. म्हणून हायड्रोजनचे सिलिंडर लॅबमध्ये ठेवायचेच नाहीत असं ठरलं. बाहेर भिंतीलगत जाळीची शेड केली, तिच्या पत्र्याला सगळ्यात उंच जागी मोकळी फट ठेवली. लॅबमधलं जुनं फॉल्स सीलिंग काढून टाकलं. इंजिनाच्या वर झरोका पाडला आणि तिथे गॅसचा सेन्सर लावला. शेडपासून इंजिनापर्यंत स्टेनलेस स्टीलची नळी, मध्ये दोन ठिकाणी फ्लेम अरेस्टर आणि इंजिनाच्या अलीकडे पाण्याचा सापळा. आग मागे फिरलीच तर त्या पाण्यात विझावी, यासाठी.

पहिला सिलिंडर आला तो लाल रंगाचा, साठ किलोच्या आसपास वजनाचा, दीडशे बार दाबाने भरलेला. दोघांनी मिळून तो ट्रॉलीवरून उतरवला. आमच्या लॅबचे मामा गेली कित्येक वर्षं ही इंजिनं सांभाळतात. हँडल मारून इंजिन चालू करण्यापासून नॉझल उघडून साफ करण्यापर्यंत सगळं त्यांच्या हातचं. रेग्युलेटर लावताना ते थबकले.

"मॅडम, आटे उलटे आहेत याचे."

"पेटणाऱ्या गॅसचे आटे उलटेच असतात, मामा. चुकून ऑक्सिजनचा रेग्युलेटर बसू नये म्हणून."

"आणि वास?"

"वास नाही. रंग नाही. पेटला तर उजेडात ज्योतही दिसत नाही."

मामांनी यावर फार वेळ विचार केला. घरच्या गॅसला वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, हे मी सांगितल्यावर त्यांनी विचारलं की मग यात का मिसळत नाहीत. हायड्रोजनचा रेणू इतका लहान आणि चपळ, की वासाचं द्रव्य त्याच्याबरोबर त्याच वेगाने गळणार नाही. शिवाय शुद्ध हायड्रोजन लागतो अशा ठिकाणी ती भेसळ चालत नाही. हायड्रोजन हाताळणारी माणसं पूर्वी गवताचा झाडू पुढे धरून चालत. झाडू पेटला की समजायचं, इथे ज्योत आहे. हे ऐकल्यापासून मामांनी एक नियम घातला आणि आजही तो चालतो: सिलिंडर उघडण्याआधी प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचा आणि फुगा येत नाही हे दोघांनी बघायचं. विद्यार्थी कितीही घाईत असले तरी मामांचा फेस झाल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लागत नाही.

त्या लाल सिलिंडरने मला या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट शिकवली आणि ती इंजिन चालू होण्याआधीच. सिलिंडरात सात घनमीटर गॅस असतो. सात घनमीटर हायड्रोजनचं वजन भरतं जेमतेम सहाशे ग्रॅम. एक किलो हायड्रोजन जळला की १२० मेगाज्यूल उष्णता मिळते, एक किलो डिझेलची ४२-४३. किलोला किलो बघितलं तर हायड्रोजन डिझेलच्या जवळजवळ तिप्पट, आणि या विषयावरची बहुतेक भाषणं इथेच थांबतात. पण सहाशे ग्रॅमचा हिशेब केला तर सत्तर मेगाज्यूल. तेवढी उष्णता दोन लिटर डिझेलमध्ये असते. साठ किलोचं लोखंड दोघांनी उचलून आणलं, त्यात दोन लिटर डिझेलचा माल होता. वर्गात हायड्रोजन शिकवताना मी आता आकृत्यांच्या आधी मुलांना शेडमध्ये नेते, सिलिंडर हलवायला सांगते आणि शेजारी डिझेलच्या दोन बाटल्या ठेवते.

चालवण्याचा क्रम ठरलेला असतो. इंजिन आधी नुसत्या डिझेलवर सुरू करायचं, तापू द्यायचं, भार लावायचा, मग हायड्रोजन सोडायचा. बंद करताना उलट: आधी हायड्रोजन बंद, नळी नायट्रोजनने धुऊन घ्यायची, मग डिझेल. क्रँककेसची हवा बाहेर जायची वाट मोकळी आहे ना हेही बघायचं. पिस्टनच्या रिंगांतून थोडा गॅस खाली उतरतोच आणि क्रँककेसमध्ये तेलाच्या वाफेबरोबर हायड्रोजन साठणं परवडणारं नाही. ही खबरदारी फार थोड्या ठिकाणी घेतलेली दिसते, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

हायड्रोजन पहिल्यांदा सोडला तेव्हा मी गॅसचा प्रवाह दाखवणाऱ्या रोटामीटरकडे बघत होते आणि मामा फ्युएल पंपाकडे. त्यांनीच आधी बघितलं. "मॅडम, रॅक मागं आला." या इंजिनाला गव्हर्नर असतो. फेरे वाढायला लागले की तो पंपाचा रॅक मागे ओढतो आणि डिझेल कमी करतो. हायड्रोजनची उष्णता आत आली, फेरे चढू लागले, गव्हर्नरने स्वतःहून डिझेल तोडलं. कुणी स्क्रू फिरवला नाही, कुणी बटण दाबलं नाही. जोडइंधन म्हणजे काय ते त्या लोखंडी दांडीच्या दोन-तीन मिलिमीटर हालचालीत समोर दिसलं. पूर्ण भारावर दहा सीसी डिझेल संपायला साधारण एकोणीस सेकंद लागायचे. मिनिटाला दहा लिटर हायड्रोजन दिल्यावर ते एकवीसच्या घरात गेले. ब्युरेट आणि स्टॉपवॉच ही साधी साधनं, पण डिझेलचा प्रवाह मोजायला मला आजही तीच सगळ्यात विश्वासाची वाटतात. संगणकावर आकडा येतो तेव्हा ब्युरेटवर पडताळून घेतल्याशिवाय मी तो वहीत लिहीत नाही.

पूर्ण भारावर सगळं छान दिसत होतं. स्मोक मीटरचा आकडा उतरला. गाळणकागदावर बसणारा काजळीचा डाग स्पष्टपणे फिका झाला. साहजिकच आहे, हायड्रोजनमध्ये कार्बनच नाही, तर त्याची काजळी होणार कशाची? जितकं डिझेल वाचलं तितकी काजळी वाचली. शिवाय सगळीकडे पसरलेला हायड्रोजन झटकन जळून डिझेलच्या उरलेल्या कणांनाही जाळायला मदत करतो. कार्यक्षमतेतही थोडी भर पडली. विद्यार्थ्यांनी त्याच संध्याकाळी आलेख काढले.

मग आम्ही भार कमी करत गेलो आणि गोष्ट पालटली. चतुर्थांश भारावर तेवढाच हायड्रोजन दिला तर कार्यक्षमता वाढायच्या ऐवजी घसरायची. मला हे वाचून माहीत होतं, तरी आपल्याच इंजिनावर ते दिसल्यावर कारण मुळापासून शोधावंसं वाटलं. हे इंजिन मिनिटाला साधारण ४२० लिटर हवा ओढतं. त्यात दहा लिटर हायड्रोजन म्हणजे अडीच टक्क्यांहूनही कमी. हवेत पेटायला हायड्रोजन चार टक्के लागतो, हे मी वर लिहिलं. आत दाब आणि उष्णता असल्यामुळे ही मर्यादा थोडी सैल होते, पण मिश्रण पातळच राहतं. डिझेलचा फवारा जिथे जळतो, त्याच्या आसपासचा हायड्रोजन जळून जातो. कोपऱ्यातल्या, भिंतीलगतच्या हायड्रोजनपर्यंत ज्योत पोचत नाही. पूर्ण भारावर फवारा मोठा असतो, आतली उष्णता जास्त असते, त्यामुळे बहुतेक सगळा जळतो. कमी भारावर फवारा इवलासा. उरलेला हायड्रोजन आला तसा एक्झॉस्टमधून निघून जातो. एक्झॉस्टमध्ये हायड्रोजनचा सेन्सर बसवला तेव्हा हे उघड दिसलं. महागाचा गॅस, साठ किलोच्या सिलिंडरातून काढलेला, एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. हे तंत्र स्थिर, जड भारावर चालणाऱ्या इंजिनांना साजेसं आहे: पंप, जनरेटर, घाट चढणारी भरलेली गाडी, बंदरातली टग. शहरात सिग्नलला थांबत, रिकामं फिरणाऱ्या वाहनाला ते साजेसं नाही. निदान हवेत हायड्रोजन मिसळून द्यायच्या साध्या पद्धतीने तरी नाही.

आता नॉक्सबद्दल. नायट्रोजन ऑक्साइडना आमच्या धंद्यात सगळे नॉक्स म्हणतात. हवेतला नायट्रोजन एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात असतो, पण ज्योत फार तापली की तो ऑक्सिजनशी संयोग पावतो. हायड्रोजन गरम आणि वेगाने जळतो, म्हणून पूर्ण भारावर हायड्रोजन वाढवत नेला की ॲनालायझरवर नॉक्स वर सरकायला लागतो. शिवाय नॉक्समध्ये नायट्रोजन डायऑक्साइडचं प्रमाण वाढतं, जो फुप्फुसांना जास्त घातक आहे. आमच्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पाच्या अहवालात फक्त धुराचा आलेख लावला आणि नॉक्सचा गाळला. मुद्दाम फसवायचं त्याच्या मनात नव्हतं. त्याला वाटलं, चांगला निकाल आधी दाखवावा. मी त्याला बसवून दोन्ही आलेख एकाच पानावर, एकाच अक्षावर काढायला लावले. धूर डोळ्याला दिसतो, म्हणून त्याच्याबद्दल लोक बोलतात. नॉक्स दिसत नाही, पण उन्हात त्याचाच जमिनीलगतचा ओझोन होतो आणि दमेकऱ्याची छाती भरून येते. एक कमी होताना दुसरा वाढत असेल तर ते सांगितलंच पाहिजे. या एका बाबतीत मी लॅबमध्ये कुणाचं ऐकत नाही.

हायड्रोजन आणखी वाढवला तर काय होतं तेही बघितलं. मिनिटाला तीस लिटरच्या आसपास, पूर्ण भारावर, इंजिनाचा आवाज बदलला. डिझेलचा नेहमीचा ठोका जाऊन त्यात धातूचा कडक टणत्कार यायला लागला. सिलिंडरमधल्या दाबाचा आलेख एरवी गुळगुळीत टेकडीसारखा असतो, त्याच्या माथ्यावर करवतीचे दात दिसू लागले. फवाऱ्यातून येणाऱ्या ज्योतीची वाट न बघता हायड्रोजन-हवेचं मिश्रण एकदम पेटत होतं. हेच नॉकिंग. पिस्टन आणि बेअरिंगला हा मार फार वेळ सोसत नाही. आम्ही गॅस तोडला आणि ती मर्यादा लाल शाईने वहीत लिहून ठेवली. टक्केवारी वाढवायच्या नादात ही रेघ ओलांडणारे प्रयोग होतात. त्यांत इंजिनाचं आयुष्य किती उरतं ते क्वचितच कुणी मोजतं.

हे सगळं चालू असताना एक दिवस माझे थोरले मावसभाऊ कॉलेजात आले. दादांच्या तीन ट्रक आहेत. तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद वाशीला नेतात. त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत स्टीलचा डबा, दोन नळ्या, वायरी.

"अगं, तू हायड्रोजनचंच करतीस ना? हे बघ जरा. पाण्यापासून हायड्रोजन करतं म्हणे. गाडीला बसवायचं, एअर फिल्टरच्या नळीत सोडायचं. ओळखीतल्या एकानं बसवलंय, लिटरला अर्धा किलोमीटर ॲव्हरेज वाढलंय म्हणतोय."

"केवढ्याला घेतलंत दादा?"

"घेतलं नाही अजून. बघायला आणलंय. तू सांगशील तसं."

अशा डब्यांचं काम काय ते आधी सांगते. आत स्टीलच्या पट्ट्या असतात, पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड विरघळवलेलं असतं, ट्रकच्या बॅटरीतून वीज द्यायची. पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र बाहेर पडतात. यात खोटं काही नाही, शाळेच्या प्रयोगशाळेतही हे करतात. प्रश्न येतो तो किती निघतो याचा. ट्रक चालवणाऱ्या माणसाच्या खर्चात डिझेलचा वाटा सगळ्यात मोठा. लिटरला अर्धा किलोमीटर वाढला तर वर्षाकाठी त्याच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च निघतो. दादा आशेने आले होते आणि त्यांच्या प्रश्नाला नीट मोजून उत्तर देणं मला माझं काम वाटलं.

दुपारभर आम्ही तो डबा टेबलावर चालवला. मामांनी पाणी भरलेली बाटली उपडी धरून गॅस गोळा केला, विद्यार्थ्यांनी वेळ लावली. चोवीस व्होल्टवर साडेसात अँपिअर घेऊन मिनिटाला साधारण एक लिटर गॅस. फॅरेडेच्या नियमाने बारा जोड-पट्ट्यांतून एवढाच निघायला हवा, म्हणजे डबा चांगला बनवलेला होता. त्या एका लिटरात दोन तृतीयांश हायड्रोजन, बाकी ऑक्सिजन. तासाला हायड्रोजन झाला साडेतीन ग्रॅमपेक्षा थोडा कमी. मी दादांसमोर कागदावर मांडत गेले. साडेतीन ग्रॅम हायड्रोजनची उष्णता म्हणजे अकरा-बारा सीसी डिझेलची.

"बारा सीसी म्हणजे?"

"दोन-अडीच चमचे. तासाला."

"आणि गाडी तासाला?"

"तुमची गाडी लिटरला चार किलोमीटर देते ना? पन्नासच्या वेगाने तासाला साडेबारा लिटर."

दादांनी कागद स्वतःकडे ओढला. साडेबारा हजार सीसी आणि बारा सीसी. हजारात एक भाग. पण हिशेब इथे संपत नाही, कारण ती वीज फुकट येत नाही. डब्याला १८० वॅट लागतात. ते अल्टरनेटर देणार, अल्टरनेटर निम्म्याच्या आसपास शक्ती वाया घालवतो आणि त्याला फिरवणारं इंजिन डिझेलच्या उष्णतेपैकी चाळीस टक्क्यांहून कमी कामात आणतं. उलट मोजत गेलं की डब्यासाठी तासाला ऐंशी-पंच्याऐंशी सीसी डिझेल जादा जळतं. ऐंशी देऊन बारा घ्यायचे.

दादांच्या पिशवीत डब्याबरोबर एक छापील पत्रकही होतं. त्यात लिहिलं होतं की हा गॅस इंधन म्हणून नाही, तर डिझेल पूर्ण जळावं म्हणून मदतनीसाचं काम करतो. या युक्तिवादाचाही विचार करायला हवा. चांगल्या स्थितीतल्या डिझेल इंजिनात अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून जास्त डिझेल जळतंच. वाया जाते ती जळल्यानंतरची उष्णता, सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून. न जळलेलं एक-दोन टक्के सगळंच्या सगळं जाळलं, तरी त्यातून लिटरमागे अर्धा किलोमीटर निघत नाही. तरीही आम्ही तो डबा आमच्या इंजिनाला लावून बघितला. गॅस सोडून, बंद करून, परत सोडून ब्युरेटवर वेळा घेतल्या. फरक होता तो दोन सलग रीडिंगांत एरवीही पडतो तेवढाच.

"मग त्याचं ॲव्हरेज वाढलं कसं?" दादांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. मी विचारलं, बसवताना आणखी काय काय केलं? दादांनी तिथूनच फोन लावला. एअर फिल्टर बदलला होता, नॉझल काढून सेट केले होते, टायरची हवा बघितली होती. आणि ड्रायव्हरला सांगितलं होतं की या फेरीत ॲव्हरेज मोजणार आहोत. पाय हलका ठेवणारा ड्रायव्हर एकटाच पाच-दहा टक्के वाचवतो, हे दादांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते डबा परत घेऊन गेले आणि तिन्ही गाड्यांचे फ्युएल पंप कॅलिब्रेशनला दिले.

त्या दिवसापासून माझ्याकडे हायड्रोजनच्या नावाने येणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारते: मिनिटाला किती लिटर, आणि तो आला कुठून? माझ्या प्रयोगात इंजिनाला मिळणाऱ्या उष्णतेपैकी हायड्रोजनचा वाटा पूर्ण भारावर नऊपासून पंचवीस टक्क्यांपर्यंत होता. डब्यात तो हजारात एक. दोन्हींना एकाच नावाने हाक मारली की माणसं फसतात.

तो आला कुठून, हा प्रश्न माझ्याच सिलिंडरलाही लागू आहे. आमचा पुरवठादार देतो तो हायड्रोजन कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यातून येतो; तिथे मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीनबरोबर तो आपसूक निघतो. पण देशात बनणारा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो आणि खतकारखान्यांत, रिफायनरीत खपतो. एक किलो तसा हायड्रोजन करताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आमच्या सिलिंडराला हा हिशेब लावला तर सहाशे ग्रॅमसाठी साडेपाच किलोच्या वर. तो सिलिंडर वाचवतो दोन लिटर डिझेल, आणि दोन लिटर डिझेल जळून होतो सव्वापाच-साडेपाच किलो. म्हणजे इंजिनाच्या सायलेन्सरपाशी कार्बन कमी झाला आणि कारखान्याच्या धुराड्यापाशी तेवढाच वाढला. सिलिंडर भरायला, दाबायला, ट्रकने आणायला लागलेलं वेगळंच. गल्लीतली काजळी कमी होते, हा फायदा खराच आहे आणि मी तो लहान मानत नाही. पण पृथ्वीच्या तापमानासाठी काही करायचं असेल तर हायड्रोजन वाऱ्याच्या, उन्हाच्या विजेने पाणी फोडूनच यायला हवा, आणि तशा एका किलोला पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं ते यासाठीच.

काम पुढे सरकतं आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद वाटतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात प्रा. शॉन कूक यांच्या गटाने २०२२ मध्ये हायड्रोजन हवेत न मिसळता सरळ सिलिंडरमध्ये, दाबाने, ठरावीक क्षणी सोडून दाखवला. उष्णतेतला नव्वद टक्के वाटा हायड्रोजनचा, कार्बन डायऑक्साइड पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त कमी, आणि हायड्रोजन सोडायची वेळ नीट निवडून नॉक्सही आटोक्यात ठेवायची वाट. आम्ही ज्या कोपऱ्यातल्या हायड्रोजनशी झगडत होतो, त्यावर हे उत्तर आहे. बेल्जियममध्ये अँटवर्प बंदरात २०२३ साली हायड्रोटग नावाची टग आली. दोन-दोन मेगावॅटची दोन जोडइंधन इंजिनं, डेकवर ४१५ किलो हायड्रोजन, आणि हायड्रोजन संपला तर डिझेलवर बंदरात परत येण्याची सोय. रोज एकाच धक्क्याला परतणारं, जड भार ओढणारं जहाज. या तंत्राला याहून योग्य घर मला सुचत नाही. आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये टाटांच्या हायड्रोजन ट्रकच्या चाचण्या सुरू झाल्या, त्यांत हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनाच्या गाड्याही आहेत आणि मार्गांमध्ये मुंबई-पुणेही आहे.

ती बातमी बघून दादांचा फोन आला. "आता तरी घेऊ का गं?" मी त्यांना दर कसा ओळखायचा ते सांगितलं. एक किलो हायड्रोजन म्हणजे साडेतीन लिटरच्या जरा आत डिझेल. डिझेल नव्वद रुपये लिटर धरलं तर हायड्रोजन तीनशे रुपये किलोच्या आसपास मिळायला हवा, तोही गाडीच्या टाकीत दाबाने भरून. त्याच्यावर गेला तर इंधनात तोटा. दादांनी आकडा दोनदा विचारून घेतला.

आमच्या लॅबमध्ये आता हवेच्या नळीत सतत गॅस सोडणं बंद केलं आहे. इनटेक पोर्टवर इंजेक्टर बसवला आहे, तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद झाल्यावरच उघडतो, त्यामुळे हायड्रोजन इनटेकमधून सरळ एक्झॉस्टमध्ये निसटत नाही आणि मागे आग फिरायची भीतीही कमी होते. पुढच्या सत्रात एक्झॉस्टचा काही भाग थंड करून परत इनटेकमध्ये फिरवायचा आणि पूर्ण भारावर नॉक्स किती उतरतो, काजळी किती चढते, हे दोन्ही मोजायचं. त्यासाठी लागणारा कूलर मामांनी तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना हाताशी घेऊन वर्कशॉपमध्येच बनवायला घेतला आहे.